सुटे तीन रुपये

मेहकरहून रात्रीची गाडी. माझं पूर्ण तिकीट, आत्याचं अर्धं.
"बाईमाणसाला अर्धं, तर मंग राहिलेल्या अर्ध्यात
मी याच्याएवढीच बसू का?" असं तिनं कंडक्टरलाच विचारलं.
पहाटे ठक्कर बाजारला उतरलो
तेव्हा पिशवीतून नातवाची वही निघाली,
पुढं भूमिती, मागची पानं कोरी.
म्हणाली, लिही.

चहा दोन, वीस रुपये.
मोरी, दहा. हे नको लिहू, म्हणाली.
मग दोन पावलं गेल्यावर: लिही, खर्च तो खर्च.

रिक्षावाला म्हणाला, नाशिकरोड? अडीचशे होतील,
मीटर बंद आहे.
"मीटर बंद, मंग तू काऊन चालू?"
तो हसला. हसला म्हणून गिऱ्हाईक गेलं त्याचं,
कारण त्यानंच बोट केलं: शालिमारला जा, मावशी,
तिथं शेअरिंग मिळेल. माणशी तीस.

मागं चौघं, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना दोघं.
मी पुढं, अर्धा नाशिकच्या बाहेर.
एक मुलगी परीक्षेला आलेली, प्रवेशपत्र दातांत धरून वेणी घालत होती.
एकाच्या मांडीवर मिक्सरचं भांडं.
द्वारकेला गाडी इतकी थांबली
की भांड्याचं पातं कधी मोडलं ते सगळ्यांना कळलं,
आणि आत्याचा मोठा भाऊ, भगवंत,
प्रेसमध्ये कामाला होता, हेही.

"नोटांच्या?" मुलीनं वेणी अर्धी सोडली.
"नोटांच्याच. दिवसभर मोजायचा.
निघताना फाटकावर खिसे उलटे करून दाखवायचा."

ती भिंत संपता संपेना.
फाटकापाशी आत्या उभी राहिली, पदर नीट करून,
जशी कुणाच्या दारात उभी राहते.
पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम?
काम काही नाही, म्हणाली. बघायला आलो.
तो बिचारा काय बोलणार.
कामाशिवाय आलेल्या माणसासाठी
त्याच्या रजिस्टरात रकाना नव्हता.

महिन्याला पंचवीस रुपयांची मनिऑर्डर यायची.
खालच्या कुपनावर दोन बोटं जागा,
तिथं काका दर वेळी एकच ओळ लिहायचा:
बस आहे, पण पायी बरं वाटतं.
तिच्या शाळेची फी त्या ओळीतून निघाली,
हे तिला फार उशिरा कळलं,
तोवर काका कुठल्याच पत्त्यावर नव्हता.

त्याची खोली देवळालीगावात. इथून किती?
समोर बस उभी होती, रिकामी, दार उघडं.
आत्या, बस.
नाही, म्हणाली, आणि चपला काढून हातात घेतल्या.
का ते मी विचारलं नाही.
वालदेवीच्या पुलावर एकदा थांबली,
कठड्याला हात लावून, दम खाऊन,
खाली पाणी होतं तेवढं बघून घेतलं.
खोली सापडली नाही. त्या जागी मोबाइलचं दुकान.
दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी दिलं.

मी वही उघडली.
प्रेस ते देवळालीगाव.
"लिही," म्हणाली. "शून्य."
मी पुसट लिहिलं तर
म्हणाली, ठळक लिही.

परतीच्या सिटी बसला दोघांचे सत्तेचाळीस.
पन्नासची नोट दिली.
कंडक्टर म्हणाला, सुटे नाहीत, उतरताना घ्या,
आणि तिकिटाच्या पाठीवर पेननं तीन आकडा काढून गोल केला.
"बाप्पा! नोटा छापायच्या गावात सुटे नाहीत?"
सगळी बस हसली. तोही.

उतरताना गर्दी, पिशवी, चपला,
राहूनच गेलं. बस निमाणीकडं निघून गेली.
मी म्हटलं, तीन रुपये खर्चात टाकतो.
"खर्चात काऊन? येणं आहे ते."
आणि तिकीट घडी घालून चंचीत, सुपारीच्या बाजूला.

रात्री एकूण काढली.
बेरीज दोनदा चुकली,
दोन्ही वेळा त्या शून्यापाशी.